आधी फक्त फायली हलवा, आतला कोड नंतर

सॉफ्टवेअरच्या कोडची फेरमांडणी करताना फोल्डर तांत्रिक थरांप्रमाणे असावेत की कामाप्रमाणे, असा प्रश्न आहे. माझं मत ठाम आहे: कामाप्रमाणे. इथे नाशिकला आम्ही द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात 'कंट्रोलर', 'मॉडेल', 'हेल्पर' असे तांत्रिक थरांचे फोल्डर होते. पेटीच्या वजनाचा एक नियम बदलायला तिन्हीकडे हिंडावं लागे. आता 'आवक', 'प्रतवारी', 'पॅकिंग', 'कंटेनर' आहेत. दिंडोरीचा सुपरवायझर बोलतो तेच शब्द, त्यामुळे नव्या माणसालाही फाईल पटकन सापडते. 'युटिल्स' हा किरकोळ मदतीच्या कोडचा फोल्डर मात्र फोडाच. त्यात काहीही येऊन पडतं.

पण नावांहून जास्त जपायचा तो इतिहास, म्हणजे कोणती ओळ कुणी, कधी बदलली ते. कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन म्हणजे गिट, पण ते फाईलच्या नामांतराची नोंद ठेवतच नाही. गेलेली आणि आलेली फाईल ताडून ते अंदाज बांधतं, आणि मुळात ठरलेली मर्यादा 50 टक्के साम्याची आहे. म्हणून हलवणं एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात), आतली दुरुस्ती पुढच्या. बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार होणं) चालू राहायला इम्पोर्टच्या, म्हणजे दुसऱ्या फाईलचा पत्ता देणाऱ्या, ओळी बदलाव्या लागतील, तेवढ्या चालतात. दोन्ही एकत्र केलंत तर गिटच्या लॉगला (बदलांच्या यादीला) नाव बदललं तरी फाईलचा माग काढणारा 'फॉलो' हा पर्याय लावूनही माग तुटू शकतो, आणि कोडमधली एखादी विचित्र अट कुणी, कशासाठी घातली होती हे शोधणं फार जड जातं.

नावात फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक करत असाल तर जपून. विंडोज आणि मॅकवर सहसा ती एकच फाईल धरली जाते, लिनक्स सर्व्हरवर दोन वेगळ्या. मधे एक तात्पुरतं नाव देऊन दोन टप्प्यांत बदला.

आणि सगळ्यांच्या उघड्या ब्रांच (ज्याच्या त्याच्या कामाच्या वेगळ्या शाखा) आधी मुख्य कोडमध्ये मर्ज करून, म्हणजे मिसळून घ्या. आम्ही ही हलवाहलव द्राक्षाचा हंगाम उरकल्यावरच काढतो.