ऑटिझमवर स्टेम सेल : पालकांना काय सांगावं?

विशेष_शिक्षिका
सहा वर्षांचा मुलगा, ऑटिझम, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. एका दवाखान्याने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय आणि आईवडील जमीन विकायला निघालेत. नको म्हटलं की विचारतात, "मुलगा बरा व्हावा असं वाटणं चूक आहे का?" चूक आहे असं मलाही म्हणवत नाही. काय सांगू?

बालविकास
आधी नेमकं काय करतात ते सांगा. कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा काढतात, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वेगळ्या करून मणक्यातून मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. एवढं लहान मूल म्हणजे भूल आलीच. संसर्गाचा धोका असतो, फिट्स येऊ शकतात. ऑटिझममध्ये फिट्सचं प्रमाण मुळातच जास्त. शिवाय मेंदूची घडण वेगळी होते ती जन्माआधीपासून. तिथे अमुक एक भाग बिघडलाय आणि पेशी तो दुरुस्त करतील, असं काही नसतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे प्रयोग फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा दवाखान्याकडे सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागायला सांगा. मिळाला तर संकेतस्थळावर आजार, वयोगट आणि नीतिसमितीची मंजुरी ताडून बघा. पॅकेजचा दर सांगितला, तिथेच ती चाचणी नाही हे कळलं.

विशेष_शिक्षिका
पण "अमक्याच्या मुलीत फरक पडला" हे ते ऐकून आलेत.

वाचा_उपचार
फरक दिसतो, ताई. खोटं कुणी बोलत नाही. पण बहुतेक पॅकेजमध्ये पुढचे काही महिने रोज स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) असते, मूलही तेवढं मोठं होतं, आणि एवढा खर्च केल्यावर आपली नजर प्रत्येक नवा शब्द टिपते. 1999 मध्ये ऑटिझमवर सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाची चाचणी झाली. 60 मुलं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. निकाल कळल्यावरही बऱ्याच पालकांना ते इंजेक्शन हवंच होतं. म्हणून फक्त आकडे पुढे करून त्यांचं मन वळणार नाही. आजपासून करता येईल असं काहीतरी हातात द्या.

चित्रं दाखवून मनातलं सांगण्यापासून सुरुवात करा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो अ‍ॅप आहे, नाहीतर साधी छापील कार्डं चालतील. पहिल्या आठवड्यात चारच : पाणी, अजून, नको, बास. "नको" हवंच. ज्याला नकार देता येत नाही, ते मूल चावतं, ढकलतं. मोठ्यांनी स्वतः बोलताना चित्रावर बोट ठेवायचं. फसतं कुठे, तर "दाखव, पाणी कुठंय?" अशी परीक्षा सुरू होते, किंवा कार्डं थेरपीच्या पिशवीतच राहतात. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही.

मोकळी_खिडकी
"बरा" या शब्दात काय काय धरलंय, ते पालकांकडून लिहून घ्या. फिट्स, अपुरी झोप, बद्धकोष्ठता, दातदुखी यांवर उपचार कराच. अचानक वाढलेल्या चिडचिडीमागे पुष्कळदा यांतलंच काही असतं. रिस्पेरिडोन तीव्र चिडचिडीवर देतात, ऑटिझमवर नाही. त्यावर असताना वजन आणि साखर तपासत राहायची. पण यादीत "हात हलवणं बंद व्हावं", "नजरेला नजर द्यावी" असं असेल, तर ते कुणासाठी हवंय ते विचारा. जिम सिन्क्लेअर स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी 1993 मध्येच पालकांना सांगितलं होतं की आमच्यासाठी शोक करू नका. हात हलवून मूल स्वतःला शांत करत असेल, तर ते थोपवून आपण त्याचा आधारच काढून घेतो. स्वतःला इजा करत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबवलंच पाहिजे.

बालविकास
आणि जमीन विकायच्या आधी आयएसएए ही ऑटिझम मोजायची चाचणी करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढायला सांगा. 40 मुद्दे असतात, 70 च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. मग राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या सरकारी संस्थेची निरामय योजना, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा.

विशेष_शिक्षिका
उद्या दोघांना बोलावते. आजीलाही यायला सांगते, दिवसभर मूल तिच्याजवळच असतं.

वाचा_उपचार
मग कार्डांचा एक संच आजींच्याच हातात द्या, आणि पाण्याचं कार्ड माठाशेजारी लावून घ्या.