‘इंडेक्स’ला अनुक्रमणिका म्हणावे काय?

प्रश्न : हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या हेल्प फायली आम्ही नागपुरात मराठीत आणत आहोत. खिडकीच्या डावीकडे ‘कंटेंट्स’, ‘इंडेक्स’ आणि ‘सर्च’ असे तीन टॅब आहेत. हिंदी आवृत्तीत दुसऱ्या टॅबवर ‘अनुक्रमणिका’ असल्याने तोच शब्द मराठीतही ठेवावा, असा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर : ठेवू नये. मराठी वाचक अनुक्रमणिका पुस्तकाच्या आरंभी शोधतो, आणि तीत प्रकरणे पुस्तकातल्याच क्रमाने येतात. हिंदीत मात्र आरंभीच्या यादीला विषय-सूची म्हणतात आणि अनुक्रमणिका ही बहुधा शेवटची, अकारविल्हे लावलेली यादी असते. दोन्ही भाषा सर्रास वाचणाऱ्या नागपूरकराला त्यामुळे एकच शब्द पुस्तकाची दोन टोके दाखवतो. माझ्या मते पहिल्या टॅबला ‘अनुक्रमणिका’ आणि दुसऱ्याला ‘शब्दसूची’ म्हणावे. नुसती ‘सूची’ मोघम वाटते, आणि ‘निर्देशांक’ तर महागाईने व शेअर बाजाराने केव्हाच पळवला आहे.

तिसऱ्या टॅबला ‘शोध’ चालेल, परंतु बटणावर ‘शोधा’ असेच हवे. शोध लावणे आणि शोध घेणे यांतला फरक मराठीत क्रियापद सांभाळते; ते गाळले, तर आत वाफेच्या इंजिनाची हकिकत असेल असेही एखाद्याला वाटावे.

खरा मुद्दा पुढे आहे. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली आणलेल्या सीएचएम या प्रकारच्या हेल्प फायलींत शब्दसूचीचे शब्द लेखक स्वतः निवडून भरतो, तर शोध घेताना यंत्र केवळ मजकुरातील अक्षरे जुळवते. मराठीत तेवढ्याने भागत नाही, कारण विभक्ती लागताच शब्दाचे सामान्यरूप होते. मी एका फायलीत ‘खाते’ टंकून पाहिले, तेव्हा ‘खात्यात रक्कम जमा करणे’ हे पान निकालांत आले नाही. ‘खात्यात’मध्ये ‘ते’ हे अक्षर मुळी नाहीच. ‘पावती’ आणि ‘पावत्या’ यांचीही तीच गत. शब्दसूचीत मात्र ‘खाते’ या एका नोंदीखाली अशी सगळी पाने आणता येतात, शिवाय ‘अकाउंट : खाते पाहा’ अशी वाटही दाखवता येते. म्हणून ‘शोध आहे, मग सूची कशाला’ हा युक्तिवाद निदान मराठीपुरता मला पटत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘शब्दसूची’ आम्ही स्वीकारतो. मात्र आमच्या यादीत ‘क्षेत्र’ हा शब्द ‘ख’च्या आधी येऊन बसला आहे. ही चूक समजावी काय?

उत्तर : यंत्राच्या लेखी नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क्ष’ला स्वतंत्र संकेतांक नाही, तो क, हलन्ताचे चिन्ह आणि ष असा साठवला जात असल्याने निव्वळ संकेतांकांच्या क्रमाने लावल्यास ‘क’च्याच रांगेत पडतो. शाळेत वर्णमाला शिकलेला माणूस मात्र ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी, ‘ळ’च्या पुढे पाहील. क्रमवारी मराठी नियमाने लावता आली तर उत्तम. नाहीतर ‘क्षेत्र’ची नोंद दोन्ही ठिकाणी करावी.