मदत हवी आहे: तंजावर-कुंभकोणम, देवळं आहेतच, पण खायचं-प्यायचं काय आणि कुठे?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत तंजावर आणि कुंभकोणम असा बेत ठरतोय. आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. गुरुवारी दुपारी विमानाने त्रिचीला उतरणार आणि रविवारी रात्री तिथूनच परत.

बेतामागचं खरं कारण सासरे. निवृत्त झाल्यावर ते मोडी शिकले, आता बऱ्यापैकी सफाईने वाचतात. व्यंकोजीराजांपासून पावणेदोनशे वर्षं तिथे भोसल्यांचं राज्य होतं, त्यांची दप्तरं मोडीत आहेत, हे वाचल्यापासून त्यांना तंजावरच्या राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय एकदा डोळ्यांनी पाहायचंय. सासूबाईंना देवळं आवडतात, पण गुडघे दुखतात, पायऱ्या फार जमत नाहीत. त्या शुद्ध शाकाहारी, आणि कॉफीच्या फार शौकीन. मुलगा सगळं खातो आणि सतत खातो.

एका टूरवाल्यांकडून प्लॅन मागवला, तर एका दिवसात नवग्रहांची नऊ देवळं आणि मध्ये कुठेतरी पाऊण तास जेवण असं आलं. श्रद्धेने नवग्रह यात्रा करणाऱ्यांबद्दल पूर्ण आदर आहे, पण आम्हाला तसं नकोय. दिवसाला एक-दोन जागा नीट पाहायच्या, दुपारी पानावर जेवायचं, संध्याकाळी कुठेतरी बसून कॉफी प्यायची, एवढंच हवंय. मोठ्या हॉटेलांतला 'साऊथ इंडियन थाळी' प्रकारही नको. तिथली माणसं जिथे जेवतात तिथे जायचंय.

तर माहिती हवी आहे ती अशी: मुक्काम तंजावरला करावा की कुंभकोणमला? तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख नक्की कुठे आहे? डिग्री कॉफीच्या (तिथल्या दुधाळ फिल्टर कॉफीच्या) पाट्या तर हायवेवर पावलोपावली असतात म्हणे, मग चांगली कुठे मिळेल? आणि सासूबाईंना झेपेल असं काय काय पाहता येईल?

आधीच्या धाग्यांत मदुराई-रामेश्वरम भरपूर सापडलं, या भागाबद्दल मात्र फारच थोडं. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

नोकरीमुळे काही वर्षं त्रिचीत काढली आहेत, त्यामुळे या रस्त्यावर खूप फिरणं झालंय. तुमचा बेत वाचून मनापासून बरं वाटलं. हा भाग घाईत पाहायचा नाहीच.

मुक्काम दोन्हीकडे करा. गुरुवार-शुक्रवार तंजावर, शनिवार कुंभकोणम. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर आहे. रोज ये-जा केलीत तर सासूबाईंचे हाल होतील.

बृहदीश्वर गुरुवारीच संध्याकाळी पाहा. साडेबाराच्या सुमारास देऊळ बंद होतं ते चारला उघडतं. पाच वाजता आत शिरलात की उन्हं विमानावर (गाभाऱ्यावरच्या शिखरावर) तिरपी येतात आणि सगळा दगड मधासारखा पिवळा दिसायला लागतो. राजराजा चोळाने १०१० साली पुरं केलेलं हे बांधकाम, उंची साधारण ६६ मीटर. पण आकडे सांगून काही होत नाही. आवारातल्या हिरवळीवर बसून मान वर करा आणि अर्धा तास तसेच बसा. गावातली माणसं पोराबाळांना घेऊन तेच करत असतात. दुपारी अनवाणी फरशीवरून चालणं अशक्य होतं, म्हणूनही संध्याकाळच. तरी सासूबाईंसाठी जाड मोजे असू द्या.

मराठी शिलालेख देवळाच्या मागच्या अंगाला, नैर्ऋत्येकडच्या ओवऱ्यांत भिंतीवर आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. आख्खा भोसले वंशाचा इतिहास आहे, भिंतच्या भिंत भरलेली. लिपी देवनागरी असल्यामुळे तुम्हीही वाचू शकाल, मात्र भाषा जुनी आहे आणि शब्द न तोडता लिहिलंय, तेव्हा सासऱ्यांना पुढे करा. त्यांना तिथे भरपूर वेळ द्या. बहुतेक लोक नंदी, गाभारा करून निघून जातात आणि ओवऱ्या रिकाम्या असतात. एक छोटी विजेरी न्या, संध्याकाळी तिथे अंधारतं.

शुक्रवार सकाळ राजवाड्याला. सरस्वती महालाचं ग्रंथालय आणि त्याचं संग्रहालय वेगळं आहे. संग्रहालयात कोणीही जाऊ शकतं. मोडी कागद हाताळायचे असतील तर ग्रंथालयाला आधी पत्र लिहून परवानगी विचारा, सुट्टीचा वारही त्यातच विचारून घ्या. सरफोजीराजे डोळ्यांवरच्या उपचारांत स्वतः लक्ष घालत. रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवलेली टिपणं या संग्रहात आहेत, त्याबद्दल तिथे जरूर विचारा. शेजारच्या कलादालनात चोळांच्या काळातली कांस्यशिल्पं आहेत. राजवाड्यातलं एकच काही पाहायला वेळ उरला, तर ती पाहा.

आता खाणं. तिकडे 'मील्स' म्हणजे दुपारचं पानावरचं जेवण, साधारण बारा ते तीन. त्यानंतर कुठेही गेलात तरी टिफिन मिळतं: इडली, डोसा, अडै, पोंगल. देवळं बंद असतात तीच जेवणाची वेळ, त्यामुळे दिवस आपोआप बसतो. भातावर आधी सांबार, मग वत्तकुळंबू, मग रसम, शेवटी ताक. वाढपी भराभर येतात, नको असेल तर पानावर हात आडवा धरा. वत्तकुळंबू सोडू नका. चिंचेच्या दाट कोळात वाळवलेल्या सुंडक्काईची फळं असतात, किंचित कडवट. आपल्याकडे असं काही नाही.

तंजावरच्या सांबाराची जन्मकथा तुम्हाला कोणीतरी नक्की ऐकवेल, भोसल्यांच्या मुदपाकखान्यातली. आख्यायिका आहे, आख्यायिका म्हणून ऐका. मात्र कुणा तंजावरी मराठी कुटुंबाशी ओळख निघाली तर घरच्या डांगर पचडीबद्दल विचारा. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. हॉटेलात ती क्वचितच मिळते.

प्रतिसाद

वरचं सगळं उत्तम. मुलासाठी माझी भर.

रात्री आठनंतर रस्त्यावर परोट्याच्या गाड्या लागतात. तव्यावर दोन पत्र्यांनी परोटा कापत कोत्तु परोटा करतात, तो खणखणाट लांबून ऐकू येतो. साध्या परोट्यावर साल्ना म्हणजे पातळ रस्सा ओततात, तो बहुधा मांसाहारी असतो, तेव्हा सासूबाईंसाठी घेताना विचारा. गोड हवं असेल तर तंजावरात चंद्रकला घ्या, खव्याचं सारण भरून तळलेली, पाकातली. आणि उन्हातून आल्यावर पनीर सोडा: गुलाबाच्या चवीचा, थंडगार, त्या भागातच चांगला मिळतो. बारा वर्षांचा मुलगा तो रोज मागेल.

प्रतिसाद

कुंभकोणमबद्दल मी लिहिते, कारण माझं मत आहे की तुमच्या सासूबाईंना तंजावरपेक्षा हे गाव जास्त आवडेल.

जाताना थोडी वाकडी वाट करून तिरुवैयारूला थांबा. तंजावरपासून जेमतेम तेरा किलोमीटर. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांची समाधी आहे, जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या आराधना उत्सवाची गर्दी ओसरल्यावर तिथे फार शांत असतं. नदीला पाणी कमी दिसलं तर हिरमुसू नका. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी सर्वसाधारणपणे १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. याच गावचा 'अशोका' खायचाच. मुगाच्या डाळीचा, तुपाने चकचकणारा, केशरी रंगाचा हलवा. पानावर गरम देतात. थोडाच घ्या, जड असतो.

कॉफीचं म्हणाल तर हायवेवरच्या पाट्यांकडे लक्ष देऊ नका. गावात आदि कुंभेश्वराच्या देवळाजवळ मंगलांबिका विलास आहे, तिथे सकाळी लवकर जा. पितळी डबरा-टंबलरमध्ये (वाटी आणि पेला) कॉफी येते. डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) ताजं असेल तर पहिल्या घोटाला कडसरपणा जाणवतो आणि मग दुधाचा गोडवा येतो, शिळं असेल तर नुसतं करपट लागतं. साखर बरीच घालतात, म्हणून मागतानाच 'सक्करै कम्मी' सांगा. टंबलरची कड चांगलीच भाजते, आधी डबऱ्यात ओतून निववा. तिथे इडलीबरोबर कडप्पा मिळतो का ते विचारा. मुगाची डाळ, बटाटा, खोबरं आणि खसखस-बडीशेपेचा वास असलेलं पातळ कालवण, याच भागातलं.

पाहण्यासाठी कुंभकोणमजवळचं दारासुरम. हे देऊळ मला बृहदीश्वराहूनही जवळचं वाटतं. ते थक्क करतं, हे जवळ बोलावतं. शिल्पं डोळ्यांच्या उंचीवर आहेत, पुढच्या मंडपाला घोडे आणि चाकं लावून रथ केलाय, आणि बैल व हत्ती यांचं डोकं एकच असलेलं एक शिल्प आहे. अर्धं झाकलं की बैल, दुसरं अर्धं झाकलं की हत्ती. मुलाला सांगू नका, स्वतः शोधू द्या. पायऱ्या फारशा नाहीत.

जवळच्याच स्वामीमलैच्या देवळाला साठ पायऱ्या आहेत, ते सासूबाईंसाठी नको. पण त्याच गावात कांस्यमूर्ती ओतणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा आहेत. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडल्यावर पुन्हा वापरता येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकच. खरेदी न करताही बघू देतात, मात्र ओतकाम रोज नसतं, आधी फोन करून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांनी लगेच ग्रंथालयासाठी पत्राचा मसुदा करायला घेतला.

एक शंका. रविवारी परत जाण्याआधी गंगैकोंडचोळपुरम जमवावं का, की कुंभकोणमलाच थांबावं?

प्रतिसाद

विमान रात्रीचं आहे, तर सकाळी जमेल. कुंभकोणमहून पस्तीसेक किलोमीटर. सातला निघा, साडेदहापर्यंत परत या. राजेंद्र चोळाचं देऊळ, आजूबाजूला शेतं, दुकानं-बिकानं जवळपास नाहीत. चंडेश या भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळणारा शिव उत्तरेकडच्या दाराशी आहे, तो पाहिल्याशिवाय निघू नका. नाश्ता मात्र निघण्याआधी करा. दुपारचं जेवण कुंभकोणमला करून दोनच्या आत त्रिचीचा रस्ता धरा, अडीच-तीन तास लागतात. सासूबाईंना आदल्या दिवशी थकवा जाणवला तर हे सरळ गाळा आणि पुन्हा दारासुरमला जा, सकाळच्या उन्हात ते वेगळंच दिसतं.

धागाकर्ती

ठरलं, तसंच करतो. आता एवढंच राहिलं: बृहदीश्वराच्या देवळात चाकाची खुर्ची मिळते का, आणि ती ओवऱ्यांपर्यंत नेता येते का? अलीकडे जाऊन आलेल्या कुणाला माहीत असेल तर लिहा.