मदत हवी आहे: कॅसेटमधला झेडएक्स स्पेक्ट्रमचा गेम परत मिळवायचाय

गेल्या रविवारी मुलांना आणि बाबांना घेऊन जुन्या कॉम्प्युटर-व्हिडिओ गेमच्या संग्रहालयात गेले होते. गेलो मुलांसाठी, अडकले बाबा. धाकटा कमोडोर ६४ च्या पडद्यावर बोट सरकवून बघत होता. मोठी पॅकमॅनपासून हलेना (१९८० चा गेम म्हटल्यावर "म्हणजे तुझ्याएवढा?" हेही ऐकून घेतलं). बाबा मात्र झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरपुढे उभे. १९८२ चं मशीन, प्रोग्राम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले, ४८ केबी मेमरी, खोडरबरासारखी बटणं. त्यांनी न बघता 'जे' दाबलं आणि पडद्यावर आख्खा 'लोड' शब्द उमटला. मग दोन अवतरणचिन्हं, एंटर, टेप चालू. आधी लांबलचक शिट्टी आणि कडेला लाल-आकाशी पट्टे, मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. धाकटा म्हणाला, "बिघडला का?" बाबा म्हणाले, "गप, लोड होतंय." मिनिटं गेली, कोणी बोललं नाही.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरचा डबा काढायला लावला. त्यात एक कॅसेट, लेबलवर त्यांच्या अक्षरात "गेम" आणि बरोबरची खूण. मी लहान असताना माझ्यासाठी लिहिलेला म्हणे. मला काडीचं आठवत नाही, हे त्यांना सांगितलेलं नाही.

आतापर्यंत केलेलं: जुना टेपरेकॉर्डर मिळवला, हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली, एमपी३ मध्ये रेकॉर्ड केलं आणि फाइल एम्युलेटरला (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) दिली. पट्टे येतात, पण प्रत्येक वेळी "टेप लोडिंग एरर". आवाज जरा दबका वाटतो. टेप खराब झाली असेल की माझंच काही चुकतंय? सारखी वाजवून ती आणखी बिघडेल का? इलेक्ट्रॉनिक्समधलं मला फारसं कळत नाही, सोप्या भाषेत सांगा.

प्रतिसाद १
सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या तोडा, म्हणजे तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही. नाहीतर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर संपलं सगळं. मग एमपी३ सोडा, वेव्ह फाइल करा, त्यात आवाज न छाटता राहतो. टेपवर प्रोग्राम शून्य आणि एक या खुणांत असतो, त्यांतला फरक फक्त लाटेच्या लांबीचा आहे, एकची लाट शून्याच्या दुप्पट लांब. एमपी३ आवाज कानाला चालेल असा छाटतं, मशीनला ते चालेलच असं नाही. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, एक बिट जरी चुकलं तरी एरर.

प्रतिसाद २
दबका आवाज म्हणजे बहुतेक हेड (टेप वाचणारा भाग) वाकडं. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो. शिट्टी चालू असताना तो अगदी किंचित फिरवा, आवाज सर्वात टोकदार होईल तिथे थांबा. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) असेल तर बंद. स्टीरिओ रेकॉर्डिंगचे दोन्ही चॅनल मिसळू नका, एकच घ्या, नाहीतर वरचे सूर एकमेकांना खातात. आणि हा प्रयोग आधी एखाद्या गाण्याच्या कॅसेटवर करा हो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! स्क्रू पाव फेरा फिरवला आणि शिट्टी कानात घुसली, मांजर पळालं. वेव्ह फाइल दिली तर पडद्यावर "प्रोग्राम" आणि पुढे माझं लहानपणचं लाडाचं नाव. बाबा चष्मा पुसत बसले. डेटा मात्र निम्म्यावर पुन्हा एरर. तिथे टेपला सुरकुती दिसते.

प्रतिसाद १
मग कॅसेट पुढे वाजू द्या. तेव्हा बरेच जण एकच प्रोग्राम लागोपाठ दोनदा सेव्ह करायचे. बाबांना विचारा.

धागाकर्ती
विचारलं. म्हणाले, "दोनदा नाही, तीनदा. पहिल्यावर कोण विश्वास ठेवतो?" धाकटा आत्ताच टेपरेकॉर्डरला कान लावून बसलाय, दुसरी शिट्टी कधी येते बघायला.