प्लेटच्या खुणेवर भरवसा नको

'कडेला प्लेटची खूण आहे, म्हणजे अ‍ॅडम शालचं हे चित्र १६६७चंच' हे पटत नाही. शाल म्हणजे चीनच्या दरबारातला जेझुइट (ख्रिस्ती) धर्मप्रचारक; चित्र किर्शर या जेझुइट विद्वानाच्या 'चायना इलस्ट्राटा' या १६६७च्या पुस्तकातलं. छापताना प्लेटची कड दाबून उठणारी ती खूण नव्या कागदावरही कोरी प्लेट दाबून उठवतात. दहापट भिंगाखाली शालच्या छातीवरचा पक्ष्याचा चौकोन (चिनी हुद्द्याची खूण) बघा. तांब्याच्या कोरीव प्लेटवरून छापलेली रेघ सलग असते, टोकाला निमुळती होते, शाई किंचित उठलेली दिसते. ठिपक्यांची जाळी दिसली की ऑफसेटसारखी आधुनिक छपाई, विषय संपला. मग कागद उजेडासमोर धरा. साधारण अडीच सेंटिमीटरवर जुन्या हातकागदाच्या समांतर रेघा हव्यात.

एवढं जुळलं तरी घाई नको. किर्शरच्या 'चायना इलस्ट्राटा'ची चोरटी आवृत्तीही त्याच वर्षी, अ‍ॅमस्टरडॅममध्येच निघाली. प्रकाशक यान्सोनियस फान वासबर्गेची मूळ, फान म्यूर्सची चोरटी, प्लेटा नव्याने कोरलेल्या. तेव्हा कागद जुना निघाला तरी प्लेट कोणाची, हा प्रश्न उरतोच.