व्हर्च्युअल फायरवॉल : कमांड लाइन की वेब स्क्रीन?

रात्रपाळी : आमच्याकडे नवा फतवा येऊ घातलाय. व्हीएसआरएक्स म्हणजे ज्युनिपर कंपनीची सॉफ्टवेअररूपी फायरवॉल. तिच्यावरचे सगळे बदल वेब स्क्रीनवरून, कमांड लाइन (टाइप करून आज्ञा देणं) फक्त अडीअडचणीला. माझा ठाम विरोध. या फायरवॉलवर टाइप केलेला बदल लगेच लागू होत नाही. आधी 'शो | कंपेअर' मारायचं, म्हणजे वाढलेल्या ओळी अधिक चिन्हाने आणि उडालेल्या उणे चिन्हाने दिसतात. मग 'कमिट कन्फर्म्ड 5', म्हणजे बदल लागू, पण तात्पुरता. 5 मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाही, तर बॉक्स आपणहून जुन्या कॉन्फिगवर (सेटिंगवर) येतो. फायरवॉल क्लाउडमध्ये आणि आपण घरी. स्वतःचंच एसएसएच (दुरून कमांड लाइनवर शिरायची वाट) तोडून बसलो, तर केबल घेऊन धावायचं तरी कुठे?

क्लिकवाला : सेफ्टी मान्य. पण क्रमाचं काय? 'सेट' कमांडने टाकलेली नवी पॉलिसी (कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं हा नियम) यादीत सगळ्यात खाली जाऊन बसते, आणि यादी तपासली जाते वरून खाली. वर 'डिनाय ऑल' (सगळं अडवा) आधीच ठाण मांडून असेल, तर तुमची परमिट (सोडा म्हणणारी पॉलिसी) असून नसल्यासारखी. कमिट पार पडतं, अ‍ॅप्लिकेशनवाले बोंबलत राहतात. 'इन्सर्ट'ने ती वर घ्यायची हे रात्री दोनला नवख्या पोराला आठवेल? स्क्रीनवर अख्खी यादी समोर असते.

रात्रपाळी : म्हणून तर ती 5 मिनिटं. तेवढ्यात 'शो सिक्युरिटी मॅच-पॉलिसीज'ला दोन्ही झोन (नेटवर्कचे भाग), आयपी, पोर्ट आणि प्रोटोकॉल द्या. नेमकी कुठली पॉलिसी लागतेय ते नावानिशी सांगतं. यादी बघून अंदाज बांधायचा कशाला?

फोर्टीकर : तुमचं कौतुक एका कंपनीपुरतं आहे राव. फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलवर एरवी 'एंड' मारलं की बदल लागू, पुन्हा विचारणं नाही. एकदा या बॉक्सची सवय लागली की त्या बॉक्सवर हात भाजलाच म्हणून समजा.

कुलूपकिल्ली : वेब स्क्रीन हे आणखी एक दार आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. ऑगस्ट 2023मध्ये याच ज्युनिपरच्या जे-वेबमध्ये, म्हणजे या वेब स्क्रीनमध्येच, त्रुटी निघाल्या. एकीला दुसरी जोडली की लॉगिनशिवाय कोड चालवता येत होता. पॅच (दुरुस्ती) टाकेपर्यंतचा उपाय? जे-वेब बंद ठेवा, नाहीतर मोजक्याच मशीनना उघडं ठेवा.

क्लिकवाला : आणि एसएसएच सोवळ्यातलं? जुलै 2024मध्ये ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरची त्रुटी गाजलीच की. मॅनेजमेंट इंटरफेस इंटरनेटवर उघडा ठेवायचाच नाही, मग दार कुठलंही असो. आमच्या मॅनेजरला भीती वेगळीच आहे. वर्षानुवर्षांचं ज्ञान एकाच माणसाच्या नोटपॅडमध्ये, आणि तो रजेवर!

रात्रपाळी : ही तक्रार खरी आहे, पण ती माणसाची झाली. 'शो सिस्टिम कमिट'मध्ये कोणी, कधी, कुठल्या मार्गाने बदल केला ते सगळं येतं. कमिटसोबत कॉमेंट सक्तीची करा, कामाच्या नोंदीचा तिकीट नंबर त्यात टाका. नोटपॅड मात्र उद्याच शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायला लावा.

क्लिकवाला : कॉमेंट सक्तीची असेल तर माझी हरकत अर्धी कमी. नवख्यांना मात्र बघण्यापुरती स्क्रीन द्याच, रीड-ओन्ली.