इटली 1943 ला शरण आली, मग मराठा पलटणी 1945 पर्यंत कुणाशी लढल्या?

खानापूरकर: बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (10 जुलै 1944 ची लढाई, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (9 एप्रिल 1945 ची लढाई) यांना इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण इटलीने तर आधीच तह केला होता ना?

निपाणीकर: तह नव्हे, शस्त्रसंधी, म्हणजे फक्त लढाई थांबवण्याचा करार. सिसिलीतल्या कॅसिबिलेत 3 सप्टेंबर 1943 ला सही, जाहीर 8 तारखेला. इटालियन सैन्याला वेळेवर स्पष्ट हुकूमच गेले नाहीत, घात तिथे झाला. जर्मनांची तयारी आधीपासून होती; त्यांनी रोमसह उत्तर आणि मध्य इटली बळकावली. आपली पोरं लढली ती मुख्यतः जर्मनांशी.

चिकोडीचा वाचक: त्यात भर. 13 ऑक्टोबरला इटलीने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, तरी दोस्त राष्ट्रांनी तिला पूर्ण मित्राचा दर्जा दिला नाही. दिला असता तर पुढे भरपाई मागणं अवघड झालं असतं. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती कासेर्टात 29 एप्रिल 1945 ला, लागू 2 मे पासून. खरा तह पॅरिसचा, 10 फेब्रुवारी 1947, आणि त्यावर भारताचीही सही आहे!

निपाणीकर: म्हणून टिपण काढताना सही, घोषणा आणि अंमल यांचे तीन वेगळे रकाने करा. पॅरिस तहाचा अंमल 15 सप्टेंबर 1947 पासून.